मिस्त्रींचा पट्टू

मान हलवलेली मिस्त्रींना चालत नसे. चहा घेणार का म्हणून विचारलं आणि समोरच्यानं नुसती मान हलवली, तर ते किटली हातात धरून तसेच उभे राहत. चहा निवला तरी हरकत नाही. "तोंडानं सांगा," म्हणत. पाहुणा ओशाळून "हो, घेईन की" म्हणाला, की मग कपात धार पडायची.

त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हाची गोष्ट त्यांनी मला स्वतः सांगितली होती. सगळं जमत आलं होतं. मुलाच्या मामानं मुलाला विचारलं, मुलगी पसंत आहे ना? मुलगा लाजाळू, त्यानं खाली बघून मान डोलावली. बायका हसल्या, कुणी साखरेची वाटी आणायला उठलं, आणि मिस्त्रींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मुलाला वाचा आहे की नाही, असं त्यांनी सरळ विचारलं. मामा तापला. हा आमचा अपमान आहे म्हणून पागोटं सावरत उठला. मिस्त्री जागचे हलले नाहीत. शेवटी मुलानंच घाबरून "पसंत आहे!" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की शेजारच्या घरातले माग थांबले आणि विणकर दारात आले. लग्न झालं. जावई चांगला निघाला. "आवाज दिलेला माणूस हाय तो," मिस्त्री म्हणायचे, "सोडणार नाही."

ही गोष्ट मी पुढं पुष्कळांना रंगवून सांगितली आणि पुष्कळांना हसवलं. मिस्त्री म्हणजे एक नमुना, असं म्हणून सुरुवात करायची आणि मामाच्या पागोट्यावर शेवट करायचा. त्यांच्याविषयीची दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आता सांगायला बसलो आहे, तर तीच टाळून पुन्हा लग्नाचीच गोष्ट घोळवावी असं वाटतं आहे.

मी तेव्हा बोअरिंगच्या खात्यात नवा ओव्हरसियर होतो. जन्म सोलापुरातला, परीक्षा पुण्यात दिलेली. खाकी कोट, मनगटावर घड्याळ, आणि विहिरीसंबंधीचं जे काही ज्ञान होतं ते सगळं पुस्तकातलं. मिस्त्री माझ्या हाताखाली, म्हणजे कागदावर माझ्या हाताखाली. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. बुटके, काटकुळे, पाय थोडे फेंगडे. कमरेला ब्रह्मदेशी चौकड्यांची लुंगी, वर कुणा गोऱ्या साहेबाचा जुना कोट, त्याच्या खिशांत बोल्ट आणि नट, त्यामुळं चालताना बैलगाडीसारखे वाजायचे. घरचा धंदा हातमागाचा. साखर पेठेजवळ त्यांचे तिघे भाऊ लुगडी विणत. हे मात्र सतराव्या वर्षी मागावरून उठले ते काकिनाड्याहून बोटीत बसले आणि रंगूनला उतरले. पुढं वीस वर्षं ब्रह्मदेशात तेलाच्या विहिरींवर काढली. माग का सोडला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "धागा तुटला तर गाठ मारता येते. तितं माणूस बेफिकीर होतो. पाईप सुटला तर गाठ कुटं मारणार?"

तेलाच्या विहिरीवरच्या सवयी त्यांनी कोरड्या माळावर जशाच्या तशा आणल्या होत्या. बोअरच्या पन्नास पावलांत विस्तव नको. टोळीतल्या गड्यांना विडी ओढायची तर बाभळीखाली जावं लागे, आणि चूल त्याच्याही पलीकडं. स्वतः मिस्त्री तोंडात चिरूट धरत, पण दिवसभर न पेटवलेला. मी एकदा त्यांना चिडवलं. म्हटलं, मिस्त्री, इथं पाणी लागेल की नाही याची मारामार, तेल कुठून लागणार? त्यांनी चिरूट तोंडातून काढला, माझ्याकडं गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाले, "लागलं तर?" आणि चिरूट पुन्हा दातांत धरला.

भोकातून वर आलेला चिखल ते जिभेवर ठेवून बघत. पाईप मोजताना तेलुगूत मोजत, ओकटी, रेंडू, मूडू. मराठीत मोजलं की आकडा चुकतो, असं त्यांचं मत. आणि पट्टू. पट्टूवर त्यांचा जीव होता.

पट्टू म्हणजे पाईप धरायचा क्लॅम्प. तेलुगूत पट्टू म्हणजे पकड. दोन अर्धगोल लोखंडी जबडे, आतून करवतीसारखे दात, आणि दोन्ही बाजूंना एकेक जाडजूड बोल्ट. वजन अर्धा मण तरी असेल. बोअरमध्ये पाईप उतरवताना एकाला एक जोडत खाली सोडायचे असतात. नवा पाईप जोडेपर्यंत खालचे सगळे पाईप कशानं तरी धरून ठेवायला लागतात. ते काम ह्याचं. भोकाच्या तोंडावर दोन ओंडके आडवे टाकलेले, त्यांवर पट्टू बसलेला, आणि त्याच्या दातांत शंभर-शंभर फूट लोखंड लोंबकळत असे. आमच्या पाईपांचे आटे आतल्या आत बसत, बाहेर गाठ अशी नसे. म्हणून दात सुटले की सगळंच सुटलं. खात्यानं दिलेला एक क्लॅम्प होता, पण मिस्त्री त्याला हात लावत नसत. त्याचं तोंड नीट मिटत नाही म्हणत. त्यांनी ब्रह्मदेशातून आपला पट्टू आणला होता, आमच्या पाईपाच्या मापाचे दात सोलापुरातल्या लोहाराकडून त्यात बसवून घेतले होते, आणि तेलात भिजवलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तो ते बैलगाडीत स्वतःशेजारी ठेवत. टोळीतले गडी त्याला मिस्त्रींची धाकटी बायको म्हणत. मिस्त्रींना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, थोरली सोडून माहेरी जाते, ही जात नाही.

हा पट्टू त्यांनी एवढ्या लांबून का आणला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तिकडं एका विहिरीवर पाईप सुटला आणि त्यांचा जोडीदार, सोलापूरकडचाच एक पोरगा, खाली चिरडून मेला. दुसऱ्या बोल्टावर एक ब्रह्मी माणूस होता. एकमेकांची भाषा येत नव्हती. नट आवळला का म्हणून विचारलं तेव्हा त्यानं मान हलवली. ती कशासाठी हलवली हे कुणाला कळलं नाही. सगळे म्हणाले क्लॅम्प खराब, भंगारात टाका. मिस्त्रींनी तो मागून घेतला. "पट्टू खोटा नव्हता, साहेब. मान खोटी होती." एवढं बोलून ते दोर तपासायला उठून गेले.

तेव्हापासून त्यांचा नियम. पट्टू आवळायला दोन बाजूंना दोन माणसं. दोघांनी एकदम आवळायचं. तोवर पाईपांचा भार रहाटाच्या दोरावर; मिस्त्री त्या दोरापाशी उभे राहून विचारणार, "धरलं?" दोघांनी वेगवेगळं, खणखणीत सांगायचं, "धरलं." दोन आवाज कानांवर आल्याशिवाय दोर सैल व्हायचा नाही. एकदा एका गड्याचा घसा बसला होता, तर त्याला त्या दिवशी बोल्टावर उभं राहू दिलं नाही. आणि एकदा आवाज दिल्यावर मिस्त्री स्वतः जाऊन बघत नसत. मला हे विचित्र वाटायचं. एवढे संशयी गृहस्थ, मग तपासत का नाहीत? मी विचारलंसुद्धा. ते म्हणाले, तपासलं तर माणूस म्हणेल मिस्त्री बघणारच हाय, आणि आवळणार नाही. या पद्धतीनं त्यांच्या हातून एकही पाईप पडला नव्हता. ते हे कुणालाही सांगत, विचारलेलं नसलं तरी सांगत, आणि सांगताना कोटाच्या खिशातल्या बोल्टाला हात लावत.

सांगोल्याच्या बाजूला एका गावात आमची टोळी लागली. गाव धनगरांचं, माळावर मेंढरं आणि पिण्याचं पाणी दीड कोसावर. आम्ही तिथं दोन महिने होतो. बायका कळशा घेऊन जाता-येता बोअरपाशी थांबायच्या, मिस्त्री चिखल चाखताना बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मग एके दिवशी मिस्त्रींनी चिखल जिभेवर ठेवला आणि थुंकला नाही. गिळला. वाळू लागली होती, ओली वाळू. भोक दीडशे फुटांवर गेलं होतं. आता पाईप तळापर्यंत उतरवले की झालं. मिस्त्री म्हणाले, दोन दिवस. गावानं नारळ आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेब बघायला आले. टोपी, छडी, बरोबर मामलेदार. शंभर फूट पाईप भोकात उतरले होते आणि पुढचा जोडायचा होता. नेमका त्याच दिवशी बोल्टावरचा एक गडी तापानं फणफणून पडला होता. दुसरा होता बिरू, टोळीतला जुना माणूस, तिथल्याच धनगरांपैकी. मिस्त्री म्हणाले, उद्या करू. मला ते लाजिरवाणं वाटलं. साहेब एवढे आलेत आणि आपण उद्या करू म्हणायचं? मी कोटाच्या बाह्या सारल्या आणि म्हटलं, दुसरा बोल्ट मी घेतो. आपला ओव्हरसियर हातानं काम करतो, हे साहेबांनी पाहावं असंही मनात होतं. तेच जास्त होतं.

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. "साहेब, आवाज द्यावा लागतो."

"देईन की," मी म्हणालो.

मी पाना लावला. नट तेलकट होता, ऊन चढलेलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच पाना सटकून माझी बोटं लोखंडावर खरचटली. रक्त आलं. मी रुमाल काढला. तेवढ्यात प्रांतसाहेबांनी मला इंग्रजीत विचारलं की खडक किती फुटांवर लागला होता. साहेबांनी मला विचारलं, मिस्त्रींना नाही. मी वळलो आणि सांगू लागलो. माझी इंग्रजी चांगली होती, मी जरा लांबण लावली. मागून मिस्त्रींचा आवाज आला, "धरलं?" बिरूनं "धरलं" म्हटलं. आणि मी, वाक्य न तोडता, मान मागं न वळवता, खांद्यावरून म्हणालो, "धरलं."

दोर सैल झाला. आधी करकर आवाज आला, दात पाईपावरून घसरल्याचा. मग पाईप गेला. शंभर फूट लोखंड एका सरळ रेषेत जमिनीत गेलं आणि खाली कुठंतरी आदळलं, ते पायांना कळलं. सुटलेल्या पाईपाला हात घालायचा नाही, हा मिस्त्रींचाच नियम. त्यांनी हात घातला. डाव्या हाताची दोन बोटं पट्टू आणि पाईप यांच्यामध्ये गेली.

सगळे मिस्त्रींकडं धावले. प्रांतसाहेब मागं सरकले, मामलेदारांनी त्यांच्यापुढं हात धरला. मी एकटा पट्टूपाशी उरलो. माझा नट मी बघितला. बोटांनी फिरेल इतका सैल होता.

यापुढचं मला नीट लिहायचं आहे. मी घाबरलो होतो हे खरं, पण घाबरून काही केलं असं नाही. मी विचार करून केलं. मी पाना उचलला, नटाला लावला, आणि पूर्ण आवळला. चार-पाच फेरे. शेवटचा फेरा जोर लावून, दात खाऊन. जे मघाशी करायचं होतं ते सगळं मी आता नीट केलं. मान वर केली तर बिरू माझ्याकडं बघत होता. पाना माझ्या हातात होता. मी म्हणालो, बघत होतो, घट्ट आहे का. बिरू "व्हय" म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

मिस्त्री आले. हात कुणाच्या तरी मुंडाशात गुंडाळलेला, त्यातून लाल ठिबकत होतं. उजव्या हातानं त्यांनी पाना घेतला आणि आधी बिरूचा नट तपासला, मग माझा. माझा तसूभर हलला नाही. ते ओंडक्यावर बसले. त्यांच्या तोंडावर दुखण्याची खूण नव्हती. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"बिरू, आवाज दिलास?"

"दिला, मिस्त्री."

"साहेब, तुम्ही दिला?"

"दिला," मी म्हणालो.

त्यांनी पट्टूकडं पाहिलं. त्याच्या दातांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मग ह्यानंच सोडलं."

पाईप खाली वाकडे होऊन अडकले. आठ दिवस लोखंडी आकडे टाकून बघितलं, निघाले नाहीत. भोक वाया गेलं. दुसरं घ्यायला खात्यानं नकार दिला आणि आम्ही सामान गाडीत भरलं. गावानं शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारी धनगरीण रोज येऊन मिस्त्रींच्या हातावर पाला बांधायची, ती निघतानाही येऊन बांधून गेली. मला म्हणाली, "साहेब, तुमच्याबी बोटाला लागलंय की," आणि उरलेला पाला माझ्या खरचटलेल्या बोटांवर चोळला.

चौकशी सोलापूरला झाली. अहवाल मीच लिहिला, कारण जागेवरचा अधिकारी मीच. इंग्रजीत लिहिला: खात्याचा क्लॅम्प असताना मिस्त्रीनं स्वतःचा जुना वापरला, त्यात देशी लोहारानं बसवलेले दात होते, दोन्ही नट अपघातानंतर घट्ट आढळले, सबब दोष क्लॅम्पचा. निष्कर्ष सोडला तर एकेक वाक्य खरं होतं. तिसरंसुद्धा.

मिस्त्रींना सही करायची होती. म्हणाले, मराठीत वाचून दाखवा. मी वाचून दाखवला. ते खाली मान घालून ऐकत होते. तिसऱ्या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "दोन्ही नट घट्ट होते, असं लिहिलंय?"

"हो."

"मग बरोबर हाय," म्हणाले, आणि तेलुगूत सही केली. डावा हात कागद धरून ठेवायच्या कामाचा राहिला नव्हता, म्हणून कागद मी धरला.

त्यांना कामावरून काढलं. बिरूनं आपणहून सोडलं. जाताना मी त्याला कारण विचारलं. माझ्याकडून काही ऐकायची आशा असल्यासारखा तो थोडा थांबला. मग म्हणाला, "काय न्हाय, साहेब. आता आवाज कुणाला द्यायचा?" मला बढती मिळाली. माझ्या टोळ्यांत मी ती आवाज द्यायची पद्धत बंद केली. मान हलवली तरी चालेल असं सांगितलं. कामाचा वेळ वाचतो, असं कारण दिलं होतं. खरं कारण असं की, तो शब्द मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

चार-पाच वर्षांनी माझी सोलापूरला बदली झाली. मिस्त्री आहेत का, कुठं आहेत, याची चौकशी मी वर्षभर केली नाही. मग त्यांचा जावई बाजारात भेटला, तोच खणखणीत आवाजाचा. म्हणाला, सासरे घरीच असतात, त्या पट्टूचं खूळ काही जात नाही, तुमची आठवण काढतात. त्या रात्री मी ठरवलं की जाऊन सांगायचं. वाक्यसुद्धा ठरवलं. मिस्त्री, तो नट मी आवळला नव्हता. एवढंच. रविवारी सकाळी सायकलवर बसून मी ते वाक्य मनात म्हणत साखर पेठेकडं गेलो.

घरात चार माग चालू होते. मुलगी मला मागच्या अंगणात घेऊन गेली. अंगणात बांबूची तिपाई उभी होती, खाली खड्डा, खड्ड्याच्या तोंडावर दोन ओंडके, आणि त्यांवर पट्टू. त्यात पाईपाचा एक तुकडा धरलेला आणि पाईपाच्या खालच्या टोकाला दगड टांगलेले, मोठमोठे, जात्याची एक फुटकी तळीसुद्धा. मिस्त्री शेजारी पाटावर बसून त्याकडं बघत होते. फार म्हातारे झाले होते. मला बघून उठले, तीन बोटांचा हात आणि पाच बोटांचा हात एकत्र करून नमस्कार केला.

मग ते मला दाखवू लागले. रोज सकाळी ते नट आवळून घेत, एका बाजूला जावई, एका बाजूला धाकटा भाऊ. दोघांचे आवाज घेत. मग दगड टांगत आणि बसत. त्यांना पट्टूचा दोष सापडायला हवा होता. उन्हानं सुटला का, म्हणून भर दुपारी टांगून बघितलं. तेलानं का, म्हणून दातांना तेल चोळून बघितलं. चिखलानं, पाण्यानं, एक दात कानशीनं घासून. "पाच-सहा वर्षं झाली, साहेब. सुटतच नाही. दोन्ही नट घट्ट असले तर हा सुटत नाही." ते माझ्याकडं वळले. "तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा. दोन्ही नट घट्ट, दोघांनी आवाज दिलेला, मग कसा सुटला?"

याच्याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. वाक्य तोंडात तयार होतं. त्यांची मुलगी कॉफी घेऊन दारात उभी होती, माग थांबवून भाऊही आला होता. मी पट्टूकडं बघत म्हणालो, "लोखंड थकतं, मिस्त्री."

"थकतं?"

"पुस्तकात आहे. वर्षानुवर्षं भार धरून लोखंडाला आतून थकवा येतो. बाहेरून दिसत नाही. एखाद्या दिवशी सोडतं, मग पुन्हा वर्षानुवर्षं धरतं. कुणाचा दोष नसतो."

पुस्तकात असं नाही. थकलेलं लोखंड मोडतं, ते पुन्हा धरत नाही, हे मला ठाऊक होतं. मिस्त्री ऐकत राहिले. मग पाटावर हळूच बसले.

"म्हणजे माझी चूक नाही."

"नाही."

"ह्याची पण नाही."

"नाही, मिस्त्री."

त्यांनी डोळे पुसले, मोकळेपणानं, लुंगीच्या सोग्यानं. भावाला हाक मारून दगड उतरवायला सांगितले. म्हणाले, आता नको, आता ह्याला पडू दे, लई वर्षं धरलं त्यानं. दोघांनी पट्टू उचलून भिंतीशी ठेवला. मुलगी माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी घरातलं मोठं दुखणं काढलं आहे. ती म्हणाली, आम्ही सगळे सांगून दमलो होतो, तुमचं मात्र ऐकलं. मी कॉफी प्यायलो. गरम होती, चांगली होती, आणि मी ती पूर्ण प्यायलो.

निघताना मिस्त्री दारापर्यंत आले. मी सायकल वळवत होतो तेव्हा ते मुलीला तेलुगूत काहीतरी म्हणाले. मला कळावं म्हणून नव्हतं ते, तिच्यापुरतं होतं. पण सोलापुरात जन्मलेल्या माणसाला तेवढं तेलुगू कळतं. ते म्हणाले होते, एवढा मोठा साहेब, पण खरं सांगायला आपण होऊन घरी आला.

मला लाज वाटली. ती वाटली यात विशेष काही नाही, कुणालाही वाटली असती. लाज वाटूनही मी सायकलवर बसलो आणि कोपऱ्यापर्यंत मागं वळून त्यांना हात करत राहिलो.